सोळा सोमवार आणि एक कावळा

"वहिनी! अहो वहिनी! वरून वडे पडतायत!"

सावंतकाका आमच्या बिल्डिंगच्या आवारात उभे राहून ओरडत होते. डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे साबुदाण्याचा वडा थेट टाळूवर बसला होता आणि तेलाचा ओघळ भुवईपर्यंत आला होता. दुसरा वडा त्यांच्या हातात, तिसरा तुळशीच्या कुंडीत. काका तळमजल्यावर राहायचे. सोसायटीचे सेक्रेटरी. आवाज असा, की ते कोपरखैरण्यात शिंकले तर वाशीची माणसं 'सत्य आहे' म्हणायची.

"गरम आहेत हो अजून! कोण टाकतंय?"

चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. आषाढी एकादशी होती, घराघरात वडेच तळले जात होते, म्हणजे संशय सगळ्यांवरच. आमची आई झारा घेऊन बाहेर आली. तिच्यामागून मी, हातात रिकामी बशी.

"कावळा," मी म्हणाले. "बशी खिडकीत ठेवली होती, आई. हा एवढा कावळा आला. घारीएवढा. तीन वडे घेऊन गेला."

"तीन?" खालून काका.

"एक चोचीत, दोन पायांत."

सगळी बिल्डिंग हसली. "मेल्याला एकादशी बरी कळली," आई म्हणाली. काकांनी वर माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, मग रुमालाने टाळू पुसली आणि घरात गेले. आईने माझ्या बशीत ताजे तीन वडे घातले. "खिडकी लावून खा गं," म्हणाली.

वडे मी टाकले होते, हे सांगायला नकोच. पण एक चोचीत आणि दोन पायांत! चार मजल्यांवरच्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाने तरी विचारायचं होतं, की बाई, मग तो उडाला कसा? आज इतकी वर्षं झाली, त्या प्रश्नाची मी अजून वाट बघतेय, आणि अजून चिडतेय.

*

मी सुजाता. गप्पा मारायची सवय मला जन्मापासून. जन्मले तेव्हा मी रडले नाही, डॉक्टरांना उशीर का झाला ते विचारलं, असं मी शाळेत सांगायचे आणि पोरी ऐकून घ्यायच्या. खाणंही तसंच. लग्नाच्या पंगतीत वाढपी मला बघून जिलबीचं ताट घेऊन मागच्या मागे फिरायचे.

बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात होते. कुठला व्हॉल्व्ह गळतोय, कुठल्या पाइपाला घाम आलाय, हे बघत फिरायचं, हाच त्यांचा धंदा. वायू गळायचा तर सायरनच्या आधी बाबांचं नाक फुरफुरायचं. त्या माणसाच्या घरात, त्याच्या समोरच्या पाटावर, त्याची मुलगी वर्षभर थोडी थोडी गळत होती आणि तो आमटी वाढून घेत होता. त्यांना दोष देत नाही. फक्त वैताग येतो.

सुरुवात साधी होती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला अकाउंटन्सीत गटांगळ्या खात होते, म्हणून मारुतीला शनिवार बोलले. पास झाले. मग मारुती खूश तर दत्ताने काय पाप केलंय, म्हणून गुरुवार. तोवर अंगावरचे कपडे सैल झाले आणि लोक बोलायला लागले. "अय्या, काय छान बारीक झालीस!" "सुजाताला बघा, कसा निग्रह आहे!" आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याविषयी काहीतरी चांगलं बोलत होते आणि त्यात माझी एकही थाप नव्हती. ती नशा मला चढली. पोट रिकामं असलं की आतून कोणीतरी शाबास म्हणायचं. जेवले की तोच आवाज माझी चामडी लोळवायचा.

नेमकं कारण काय, असं विचारू नका. पुढे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सात वेगवेगळी कारणं दिली. सातही ऐकायला उत्तम होती.

*

आता माझ्या आठवड्याची मांडणी ऐका. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवार आणि रविवार देवांनी मोकळे सोडले होते, त्यांचं मी बघून घेतलं. बुधवारी माझं पोट 'गच्च' असायचं. रविवारी मी मैत्रिणीकडे जेवून यायचे. ती मैत्रीण अस्तित्वात नव्हती. पण तिच्या आईच्या हातच्या वांगीभाताची मी इतकी तारीफ केली, की आमच्या आईने एकदा त्या बाईंना डबाभर बेसनाचे लाडू पाठवले. ते कुठे गेले ते विचारू नका. त्या वर्षी आमच्या आवारातली मांजरं वाघाएवढी झाली होती.

लोक म्हणतील, आईला कळलं कसं नाही? अहो, आमच्या घरात उपासाला माणूस दुप्पट खातो! खिचडी, वडे, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, वर केळ्याची शिकरण. बाबा एकादशीला जेवून उठले की शर्टाचं खालचं बटण सोडायचे. उपास हा शब्द कानावर पडला की आईच्या डोळ्यांसमोर तुपाची बुधली यायची. तिच्या लेखी मी आठवड्यातून पाच दिवस भरपूर साबुदाणा खाणारी मुलगी होते. उपास करणारी मुलगी खरोखरच उपाशी असेल, हे तिच्या डोक्यात येणार कुठून?

आणि स्वयंपाक मीच करायचे! हे कोणी लक्षात घेत नाही म्हणून ठासून लिहिते. मासिकांतल्या पाककृती वाचायचे, शेजारणींना जिन्यात गाठून मसाल्याचं प्रमाण विचारायचे, पुऱ्या लाटायचे, आग्रह करकरून वाढायचे. "सुजाताच्या हाताला काय चव आहे!" पाहुणे म्हणायचे. त्या हाताने स्वतःच्या तोंडात काय घातलं, ते बघायला कोणाचंच डोकं ताटातून वर आलं नाही.

जरा बघितलं असतं तर खुणा उघड्या पडल्या होत्या. ऑक्टोबरात आमच्या वसाहतीतल्या रस्त्याचं डांबर पायाला चिकटायचं, झाड म्हणून एक नाही, आणि मी स्वेटर घालून बसायचे. मोरीच्या जाळीत माझे एवढे केस अडकायचे की त्यांतून बाबांच्या अख्ख्या कंपनीला टोप झाले असते. दंडावर मात्र बाळासारखी लव आली होती. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मला अचानक कोणाची तरी पाटी वाचावीशी वाटायची. पाट टोचायचा म्हणून मी उशी घेऊन बसायचे. चारचौघांत जेवायची वेळ आली की मला हटकून काम निघायचं. आणि जेवणाचं नाव काढलं की मी अशी अंगावर धावून जायचे, की आई म्हणायची, "नको बाई, तुझा उपासच बरा."

*

एकीला दिसलं, नाही असं नाही. आमच्या फ्लॅटच्या मालकीण पाटीलमावशी. बोनकोडे गावच्या. शेतं गेली, बिल्डिंगा आल्या, आणि मावशींच्या अंगावर एवढं सोनं आलं की त्या हलल्या की देवळातली घंटा वाजल्यासारखं वाटायचं. एकदा घर बघायला आल्या आणि मलाच बघत राहिल्या.

"काय गो वैनी, ही पोर वालत चाल्ली हाय. जेवते का नाय?"

"उपास असतात हो तिचे," आई कौतुकाने म्हणाली.

"उपास आमी पन करतो. उपासाला आमी वालत नाय, फुगतो!"

मला वाटलं, आता पकडले गेले. हृदय छातीतून उडी मारून नळावर जाऊन बसलं. पण मावशींनी मीठ-मिरच्या मागवल्या, माझी दृष्ट काढली, मिरच्या तव्यावर टाकल्या. ठसका लागला नाही. "बघ! कोनाची तरी जबर नजर हाय," मावशी म्हणाल्या. आईने मान डोलावली. दोघी समाधानाने चहा प्यायल्या. जाताना मावशी म्हणाल्या, "शनवारी कालवन धाडते, बोयटाचं." आई म्हणाली, शनिवारी मासे नकोत, मारुतीचा उपास आहे.

इतक्या जवळ येऊन लोक परत जायचे! जिवाची तडफड व्हायची. होय, पकडलं जायची भीती होतीच, पण कोणीतरी पकडावं म्हणून मी आतून किंचाळतही होते. ही दोन्ही एकाच वेळी खरी असतात, हे या आजाराचं सगळ्यात वैतागवाणं अंग आहे. घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं. पोरगी अंगावर धावून आली म्हणजे तिला तुम्ही जायला हवे आहात, असं नसतं.

*

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी सोळा सोमवार धरले. नेम कडक. दिवसभर काही नाही, संध्याकाळी पूजा, आणि मग गव्हाच्या चुरम्याचा प्रसाद. त्याचे तीन भाग करायचे. पहिला देवाला, दुसरा लोकांना वाटायचा, तिसरा व्रत करणाऱ्याने स्वतः खायचा. माझा तिसरा भाग दर सोमवारी दानधर्मात जायचा. आईला वाटायचं, काय ही उदार!

तुळशीचं लग्न झालं आणि ठाण्याहून स्थळ आलं. मुलगी बारीक, शांत आणि धार्मिक आहे असं त्यांना कळलं होतं. शांत! मी अशक्तपणामुळे गप्प बसायला लागले होते, त्याची ही कीर्ती. मुलाची आई सोफ्यावर, बाबा खुर्चीत, मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी.

"आमच्या सुजाताचे सोळा सोमवार आत्ताच पुरे झाले," आई म्हणाली. "सलग. एकसुद्धा चुकला नाही."

बाईंनी पोह्यांचा चमचा तोंडाशी नेला आणि थांबवला. "सलग? मध्ये अडचण नाही आली?"

वाचणाऱ्या पुरुषमंडळींसाठी सांगते. आमच्यासारख्या घरात महिन्याचे ते चार दिवस देवघराकडे फिरकायचं नसतं. त्यात सोमवार आला की तो धरायचा नाही, पुढे भरून काढायचा. म्हणून बाईमाणसाचे सोळा सोमवार सोळा आठवड्यांत होतील तर तो योगायोगच. आईचे स्वतःचे वीस आठवड्यांवर गेले होते. आणि माझा एकही चुकला नव्हता. आई महिनोन्‌महिने हे देवाच्या कृपेखाली धरत होती. सगळ्या बायकांना सांगत होती. एकीनेही आजवर हा प्रश्न विचारला नव्हता.

आई उठली. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ झाला, चहा येईना. मी आत गेले तर गॅस बंद, पातेलं रिकामं, आणि आई ओट्याला धरून उभी.

"किती महिने झाले?"

"अगं, तसं काही नाही. कॉलेजात सगळ्यांचंच..."

"सुजे, गप्पा मारू नकोस."

मग तिने माझ्या स्वेटरची बाही वर केली आणि मनगट धरलं. तिची बोटं फिरून एकमेकांवर आली, तरी आत जागा उरली. बाहेर बाबा मुलाच्या आईला क्लोरीनची माहिती देत होते.

*

पहिले डॉक्टर आमचे नेहमीचे. त्यांनी जीभ बघितली, टॉनिक लिहिलं आणि आईला म्हणाले, "लग्न करून टाका, सगळं सुरळीत होतं." दुसऱ्यांनी जंताचं औषध दिलं. तिसऱ्यांनी छातीचा फोटो काढला. आई फाइल उराशी धरून उन्हातान्हात फिरत होती आणि मी प्रत्येकाला सांगत होते, की भरपूर जेवते हो, अंगालाच लागत नाही. प्रत्येकाने विश्वास ठेवला. इतक्या उत्तम थापा मारणारी मुलगी असणं हा त्या काळात आमच्या घरावरचा शापच होता.

चौथ्या, वाशीतल्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई. त्यांनी नाडी धरली ती सोडलीच नाही. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा घड्याळाकडे. मग हळू आवाजात विचारलं, "खायची भीती वाटते का गं?"

आवडत नाही का, असं नाही. भूक लागत नाही का, असंही नाही. भीती वाटते का. मी कावळ्यापासून वाघाएवढ्या मांजरांपर्यंत सगळं रचलं होतं, पण या प्रश्नाला माझ्याकडे एकही थाप तयार नव्हती. मी रडायला लागले.

बाबांना बोलावलं गेलं. ॲनोरेक्सिया हा शब्द ऐकून ते म्हणाले, "म्हणजे न खाणं, एवढंच ना? हा काय आजार झाला? दोन धपाटे घातले की खाईल." मनाच्या डॉक्टरांचीही मदत लागेल म्हटल्यावर तर ते उठूनच उभे राहिले. "माझी मुलगी वेडी नाही!"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हिचं हृदय दमलंय. आज दाखल करा. घरी नेलीत तर मी जबाबदारी घेणार नाही."

कंपनीत दरवाजे फोडून माणसं बाहेर काढणारे बाबा मटकन खाली बसले. मग कॉरिडॉरमध्ये आईबाबांचं असं भांडण झालं, की वॉर्डबॉय स्ट्रेचर अडवून ऐकत उभे राहिले. तुझे ते देवदेव. तुमची ती शिफ्ट. तुला दिसलं नाही? तुम्हाला दिसलं? मी बाकावर बसून ऐकत होते आणि माझ्या मनात काय होतं सांगू? दाखल झाले तर मला किती जेवायला लावतील. एवढंच. मरायला टेकलेल्या मुलीच्या डोक्यात एवढंच होतं.

*

हॉस्पिटलातले दिवस म्हणजे मऊ भात आणि तुरुंग. ताट यायचं, सिस्टर कमरेवर हात ठेवून पायथ्याशी उभी राहायची. जेवल्यावर कॉटवरून उठायचं नाही, मोरीत एकटीने जायचं नाही, उशी उचलून बघू दे, चादर झटक. खाण्याचं प्रमाणही त्यांनी मुंगीच्या पावलाने वाढवलं, कारण उपाशी शरीरावर एकदम अन्न लादणं धोक्याचं असतं. हे मुद्दाम लिहिते. घरी कोणाला संशय आला तर कोंबून भरवू नका, डॉक्टरांकडे न्या. आमचे नातेवाईक डबे भरभरून चिवडा आणत होते. तो सिस्टर खात होत्या.

शेजारच्या कॉटवर जोशीबाई होत्या. पित्ताशयात खडे, त्यामुळे तेलकट-तुपकट बंद. खायला मिळत नाही म्हणून रडणाऱ्या बाईच्या शेजारी खायला लागतं म्हणून रडणारी मुलगी. देवाने आमची ताटं उलटी वाटली होती.

त्यांना दुपार जाईना, म्हणून मी बोनकोड्याच्या खाडीतल्या एका बोयटाची गोष्ट सुरू केली. तो मासा एवढा मोठा होता, की गावकरी भरतीला त्याच्यावर बसून बेलापूरला बाजाराला जायचे. जोशीबाई उठून बसल्या. "मग?" मी 'मग' सांगणार, तेवढ्यात ताट आलं आणि माझं तोंड शिवलं गेलं. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"बेलापूरला पोचले का ते?"

"माहीत नाही."

"एक घास घे आणि सांग."

"नको."

"अगं, मला तेल नाही, तूप नाही, आता गोष्टपण नाही? घे म्हणते ना!"

मी घास घेतला. घास कसला, वाळू. गिळला आणि माशाला वाशीपर्यंत नेला. पुढच्या घासाला तुर्भे. त्या दिवशी मासा नेरूळलाच दमला. पण आदल्या दिवसापेक्षा माझे दोन घास जास्त गेले होते. बाईंनी मला कधी शाबास म्हटलं नाही, चेहऱ्यावर तेज आलं म्हटलं नाही. फक्त माशाचं विचारलं. त्या उपकारांची फेड मला अजून सुचलेली नाही.

मनाचे डॉक्टर यायचे. त्यांनी माझी सात कारणं ऐकली आणि म्हणाले, "आठवं सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा, मी येत राहीन." ते सांगायला मला दीड वर्ष लागलं. ते इथे लिहिणार नाही. ते माझं आहे.

*

घरी आल्यावर लोकांना वाटलं, बरी झाली. घरी आल्यावर तर खरी मारामारी! बाबांनी सेफ्टी खात्याची पद्धत घरात आणली. प्रत्येक जेवणाला एक माणूस ड्युटीवर. तो उठताना दुसऱ्याला चार्ज देणार. "पोळी झाली, भाजी निम्मी, मूड खराब," असा रिपोर्ट माझ्यासमोर! मी ताट भिरकावलं. आई रडली. बाबांनी ताट उचललं, पुसलं, पुन्हा वाढलं. असं कितीदा झालं याची गणती नाही, आमच्या भिंतीला हळदीचा रंग द्यायची गरज उरली नव्हती. कधी महिनाभर छान जायचं आणि मग कोणीतरी जिन्यात म्हणायचं, "वा, अंग भरलं हं!" की आठवडाभर पुन्हा घास घशाखाली उतरायचा नाही. अहो, नका ना बोलू! अंग भरलं म्हणू नका, बारीक झालीस म्हणू नका, परीक्षेचं विचारा, पाण्याच्या टँकरचं विचारा, देशाच्या राजकारणाचं विचारा.

आणि देव. देवघरासमोर उभी राहिले की जुना आवाज गोड बोलायला लागायचा. आज सोमवार आहे, विसरलीस?

आईनेच ते ओळखलं. पुढच्या श्रावणात एका सोमवारी तिने गुरुजींना बोलावलं. "हिने धरलेलं प्रत्येक व्रत धरलेलंच आहे. एकाचंही उद्यापन केलेलं नाही. हे व्रत नव्हे, गुरुजी. व्रताला शेवट असतो. सगळ्यांचं एकदम उद्यापन करा."

गुरुजी जरा चाचरले. "पाच देवांचं एकत्र? तसं सहसा..."

"देवांना मी बघून घेईन," आई म्हणाली.

पूजा झाली. बिल्डिंगमधली माणसं जेवायला होती, सावंतकाका पहिल्या पंगतीत, बाबा वाढत होते. चुरम्याचे तीन भाग आईने स्वतः केले. पहिला देवापुढे ठेवला. दुसरा पंगतीत वाटला. तिसरा माझ्या हातावर ठेवला आणि समोर बसली.

मला त्या क्षणी आईचा असा राग आला, की चुरमा तिच्या तोंडावर फेकावा. तूप बोटांवर वितळत होतं. आतला आवाज बोंबलत होता, की हा खाल्लास तर तुझं सगळं संपलं. आणि मला एकदम वाटलं, की सोळा आठवडे मी ज्याला त्याला दिलं, देवाला दिलं, मांजराला दिलं, आणि माझा म्हणून एकच भाग होता, तोही मला माझ्या तोंडात घालता येत नाही? हा कुठला न्याय? रागारागातच खाल्ला. रडत, नाक ओढत, तुपाने माखून. चव कळली नाही. ज्यांना वाटतं, त्या क्षणी देव प्रकटला असेल, त्यांनी सावंतकाकांना विचारावं. बाबांनी त्यांच्या पानात तीनदा भात वाढला आणि त्यांनी एकदाही हात आडवा केला नाही. एवढंच घडलं.

"उद्या आहे मंगळवार," मी आईला म्हणाले.

"उद्या पोहे आहेत," आई म्हणाली आणि पानं उचलायला लागली.

पोहे खाल्ले. परवाही काहीतरी खाल्लं. आज हे लिहितानाही शेजारी चिवड्याची बशी आहे आणि यातला शब्द न्‌ शब्द खरा आहे, फक्त मासा थोडा लहान होता.

पण एक गोष्ट मला डाचत राहिली होती. उद्यापनाच्या संध्याकाळी काका जिन्यापाशी पान लावत उभे होते. मी खाली गेले.

"काका, एकादशीचे ते वडे. तुम्हाला खरंच वाटलं होतं, कावळ्याने टाकले?"

काकांनी पानाला चुना लावला, सुपारी घातली, घडी केली.

"नाही," ते म्हणाले. "कावळा वडा टाकत नाही."